कुठं टोचतं ते सांग

आमच्या टोळीत नवा माणूस आला की अण्णा त्याला आधी झाडाला टांगायचे आणि मग स्वतः चहा प्यायला निघून जायचे.

टांगायचे म्हणजे खरंच टांगायचे. नांदेडला मालकाचं गोदाम आहे, त्याच्या अंगणात एक कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीवरून दोर कायमचा सोडलेला. नव्या माणसाच्या कमरेला नि मांड्यांना पट्टा चढवायचा, पुढच्या कडीत दोर अडकवायचा, ओढायचा आणि माणूस जमिनीपासून हातभर उचलला गेला की दोर बांधून टाकायचा. पाय टेकायला खाली काही नाही, धरायला वर काही नाही. तो बिचारा वाळत घातलेल्या धोतरासारखा तिथं लोंबकळतोय आणि अण्णा कोपऱ्यावरच्या टपरीवर निवांत बशीत चहा ओतून फुंकर मारतायत. वर टपरीवाल्याशी निवडणुकीच्या गप्पा!

परत आले की एकच प्रश्न. "हां, बोल. कुठं टोचतं?"

नवा माणूस हमखास म्हणायचा, "न्हाई अण्णा, ठीक हाय की."

"ठीक हाय का? मंग बस अजून." आणि अण्णा दुसऱ्या चहाला.

असे दोन-तीन चहा झाले की मोठमोठे बहाद्दर कबूल व्हायचे. कुणाला जांघेत काचायचं, कुणाला माकडहाडाशी रुतायचं, कुणाच्या मांडीला मुंग्या यायच्या. मग अण्णा खूश. मग ते वाकून, गुडघ्यावर बसून, एकेक बक्कल सरकवत बसायचे. "ठीक हाय म्हणणारा माणूस लबाड असतो," असं त्यांचं म्हणणं. "पट्टा म्हंजे काय गादी हाय? कुठंतरी टोचणारच. खाली सांगितलं तर मी बक्कल सरकवतो. वर जाऊन कुणाला सांगशील, कावळ्याला?"

आमची टोळी म्हणजे झाडं छाटणाऱ्यांची. बंगल्यातले नारळ, शाळेतले गुलमोहर, तारांना लागलेले निंब, जे असेल ते. पुरुष वर चढून करवत चालवायचे आणि आम्ही चार-पाच बायका खाली फांद्या ओढून टेम्पोत भरायचो. टेम्पो माझा नवरा चालवायचा, म्हणून मी त्या कामाला लागले. अण्णा सगळ्यांत जुने. चढायचं त्यांनी कमी केलं होतं, पण कुणी काय घालून चढायचं ते त्यांच्याच हातात. देगलूरकडचे ते. त्यांचे वडील शिंदीच्या झाडावर चढायचे, कमरेला नुसता जाड दोर गुंडाळून. तो दोर काचू नये म्हणून आई त्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची, असं ते सांगायचे. बोलता बोलता मध्येच तेलुगू यायचं. बक्कल ओढताना तोंडानं सारखं "मेल्लगा, मेल्लगा" चालू. म्हणजे हळू, हळू.

हळू म्हणजे किती हळू! मालक बेजार व्हायचा. "अण्णा, टाइम खोटी होऊन राहिला. पट्टा घालून राहिले का स्वेटर विणून राहिले?" अण्णांना फरक पडायचा नाही. ते आधी चढणाऱ्याचे खिसे रिकामे करायला लावायचे. किल्ल्या, मोबाईल, कंगवा, तंबाखूची पुडी. मांडीच्या पट्ट्याखाली किल्ली आली की ती दुपारपर्यंत मांसात उमटते. एकदा एकाच्या खिशातून खोबऱ्याचा अख्खा तुकडा निघाला, कुठल्यातरी देवाचा. तो म्हणाला, राहू द्या, प्रसाद आहे. अण्णांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि खाऊन टाकला. "घे, आता देव माझ्या पोटात हाय. खालून बघतो तुझ्याकडं."

पण पुरुषांनासुद्धा लाज असते, हे मला अण्णांमुळं कळलं. आमची उगाच समजूत की लाजबीज सगळी बायकांच्याच वाट्याला आलीय. मांडीचे पट्टे नीट ओढले की पँट अशी काही आवळते की माणूस चारचौघांत उभा राहायला लाजतो. कॉलनीतल्या बाया गच्चीवर, खाली पोरंटोरं. म्हणून आमचे बाप्ये काय करायचे, मांडीचे पट्टे सैल सोडायचे. मग वर बसलं की सगळा भार कमरेवर, आणि दुपारी जेवायला उतरले की म्हाताऱ्यागत कंबर धरून चालायचे. अण्णांना हे बरोबर दिसायचं. भर रस्त्यात ओरडायचे, "अरं, मांडीचा ओढ की! ढिला ठेवून कुणाची अब्रू राखून राहिलास?" गच्चीवरच्या बाया पदर तोंडाला लावून आत पळायच्या. मी तर फांदी ओढत ओढत पार कोपऱ्यापर्यंत जायचे आणि तिथं जाऊन हसायचे.

त्यांचं कसब दोन बोटांत होतं. पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये दोन बोटं घालायची. बोटं गेली पाहिजेत, पण गोल फिरली नाही पाहिजेत. गेलीच नाहीत तर पट्टा रक्त अडवणार. फिरली तर माणूस सुटणार. हे दिवसभर. आणि कामावरच असं नाही. एसटीत शेजारी पोरगं बसलं तर त्याच्या दप्तराच्या पट्ट्याखाली यांची बोटं. "बाळा, खांदा दुखत असल तुझा. डावा." पोरगं घाबरून आईकडं बघायचं. आमच्यातल्या एकाचं लग्न होतं, तर हे बोहल्यावर नवरदेवाच्या मागं जाऊन उभे. मंगलाष्टकं चालू, लोक अक्षता टाकतायत, आणि हे कानात विचारतायत, "कुठं टोचतं?" नवरदेव म्हणाला, "शेरवानी काखेत टोचून राहिली अण्णा, मगापासून." अण्णांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि तिथल्या तिथं दोन टाके उसवले. पुढच्या सगळ्या फोटोत नवरदेव हसतोय.

अण्णा आता नाहीत. झाडावरून पडून गेले नाहीत, तसं कुणी म्हणलं तर मी भांडेन. घरी, गावाकडं, बाजेवर झोपेत गेले. आम्ही सगळे टेम्पोत बसून गेलो होतो. तिरडीला बांधताना आमच्यातला एक जण पुढं झाला. दोर बांधून झाला आणि त्यानं सवयीनं दोराखाली दोन बोटं घातली. मग तो तसाच वाकलेला राहिला. त्याला धरून बाजूला न्यावं लागलं. मला तेव्हा रडायला आलं नाही, घरी आल्यावर भाकरी थापताना आलं, आणि लई आलं.

पण मला सांगायचंय ते लातूरचं.

मी मूळची किनवटकडची. लहानपणी चिंचेवर, जांभळीवर आमचा अर्धा दिवस जायचा. भाऊ खाली आणि मी वर, असं असायचं. लग्न होऊन नांदेडला आले आणि खाली राहिले. फांद्या ओढता ओढता मान वर करून बघायचे. कोण कुठं चुकीचा पाय टाकतोय ते मला खालून दिसायचं. एकदा मालकाला म्हणलं, मला चढू द्या. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग लातूरचं काम आलं. मुलींचं वसतिगृह, डॉक्टर व्हायची परीक्षा देणाऱ्या पोरींचं. आवारात एक जुना निंब, त्याच्या फांद्या थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना भिडलेल्या. फांद्यांवरून वानरं गॅलरीत यायची आणि पोरींच्या घरून आलेले लाडू डब्यासकट न्यायची. झाड छाटायचं होतं, पण रेक्टर मॅडमची अट होती की पुरुष माणूस त्या झाडावर चढणार नाही. खिडक्यांतून आतलं दिसतं. पोरींना कपडे बदलायचे असतात, केस वाळवायचे असतात. मॅडमचं काही चूक नव्हतं.

मालक डोकं खाजवत बसला. नवरा माझा तसा गरीब माणूस, मालकापुढं कधी तोंड न उघडणारा, पण त्या दिवशी म्हणाला, "आमची चढते की."

मालकानं माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं. "हे बघ, जमलं तर हितून पुढं तू वर. कायमची. पण अर्ध्यातून खाली आलीस तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. फांद्या ओढायच्या अन् गप ऱ्हायचं."

मी हो म्हणलं. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

घरी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूनं, भांडी आपटली. त्या अर्धापूरच्या, केळीच्या बागांत काम केलेल्या, आवाज खणखणीत. "सून झाडावर, अन् गाव खालून बघतंय! अगं, जगाला तोंड कसं दाखवू?" साडीवर पट्टा चढत नाही म्हणून मी जाड कापडाची सलवार शिवून घेतली, वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते बघून तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मी येते संगं. जरा कुठं वेडंवाकडं दिसलं की तिथनं हात धरून घरी आणते."

आता राहिला पट्टा. आणि तिथं अण्णांची पंचाईत झाली.

भर रस्त्यात पुरुषांच्या मांड्यांवर ओरडणारा हा माणूस माझ्यापुढं एकदम बोबडा झाला. दोन बोटं कुठं घालणार? मी लेकीच्या वयाची, त्यात दुसऱ्याची सून, समोर टेम्पोत माझा नवरा बसलेला, आणि गोदामात त्या वेळी दुसरी बाई नाही. अण्णांनी पट्टा माझ्यापुढं जमिनीवर ठेवला, दुसरा पट्टा स्वतः घेतला आणि गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "मी माझा घालतो. तू मागून बघ अन् तसा तुझा घाल."

"बरं अण्णा."

"कमरेचा आधी. कमरेचं जे हाड असतंय... त्याच्या वर. आता तो, तो खालचा. ते... पायाचा वरचा भाग असतो की नाही, तिथला."

"मांडीचा का?"

"हाव, तोच." कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

तो पट्टा पुरुषाच्या मापाचा. मी बुटकी, कंबर रुंद, पाय आखूड. कमरेच्या पट्ट्याला मांडीचे पट्टे मागून ज्या दोन बारीक पट्ट्यांनी जोडलेले असतात त्या माझ्या मापाला लांब, त्यामुळं मांडीचे पट्टे खाली गुडघ्यांकडं घसरत होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सलवारीच्या नाडीची गाठ नेमकी पुढच्या बक्कलाखाली आली होती. नवी नाडी, गाठ सुपारीएवढी. अण्णांनी नियमाप्रमाणं मला निंबाला टांगलं, चहाला गेले, आले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"कुठं टोचतं?"

आता बापाच्या वयाच्या माणसाला मी नाडी म्हणू?  आणि खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती, भीती होती. गडी म्हणाला टोचतं, तर पट्टा वाईट. बाई म्हणाली टोचतं, तर बाई वाईट. मालक तिथंच उभा होता, टोचतं म्हणायचाच अवकाश, लगेच म्हणला असता की बघा, म्हणलं नव्हतं का!

"ठीक हाय अण्णा."

ते दुसऱ्या चहाला गेले. मी दात-ओठ खाऊन लटकले. आले, विचारलं. "ठीक हाय." तिसरा चहा. टपरीवाला रस्त्यावर येऊन बघायला लागला. माझ्या पोटात गाठ रुतून डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं ठीक हाय. अण्णांनी दोर सोडून मला खाली घेतलं. पाठमोरेच म्हणाले, "बाई, तू खोटं बोलून राहिलीस. ते मला ऐकू येतं. पण मी काय करू? बघता येत न्हाई अन् हात लावता येत न्हाई." मग ते पायरीवर जाऊन बसले. टोळीत पहिल्यांदाच कुणीतरी पट्टा न बसवता वर जाणार होतं.

लातूरला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. रेक्टर मॅडम फाटकातच उभ्या. त्यांनी आमच्या पुरुषांना आवारात घेतलं, पण कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, वर बघायचं नाही, अशी ताकीद दिली. मालक, नवरा, अण्णा, तिघंही ओळीनं भिंतीकडं तोंड करून. मालकाला भिंतीकडं बघत उभं केलेलं मी त्या दिवशीच बघितलं. आत्या झाडाखाली पदर खोचून उभ्या, कधी हात धरून नेता येईल याची वाट बघत. आमच्यातल्या दोघी दोर धरायला.

मी चढले. पहिल्या बेचक्यापर्यंत शिडी, मग दोर वरच्या जाड फांदीवरून टाकून. आणि काय सांगू! वर गेल्याबरोबर जीव हलका झाला. निंबाचा वास, खाली सगळ्यांची डोकी, आणि मी वर. पहिल्या दोन फांद्या मी अशा कापल्या की खालच्या दोघींनी माना डोलावल्या. खिडक्यांत पोरी जमल्या. एक म्हणाली, "ताई, भीती नाही वाटत?" मी म्हणलं, "तुझ्या परीक्षेची वाटते." त्या हसल्या.

मग मला करवत चालवायला पट्ट्यात पूर्ण बसावं लागलं. भार पडला आणि सकाळी बाजूला सरकवलेली गाठ पुन्हा बक्कलाखाली येऊन आत घुसली. मांडीचे पट्टे घसरून गुडघ्याच्या वर येऊन अडकले, मी मागं कलंडायला लागले. डाव्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग पाय माझा राहिलाच नाही. मी करवत थांबवली.

भिंतीकडून आवाज आला. "करवत का थांबली?" त्यांना दिसत नव्हतं, पण कान सगळे माझ्याकडं.

"घाम पुसते अण्णा."

थोड्या वेळानं पुन्हा. "एवढा घाम?"

मालक भिंतीशीच बोलला, "बास झालं. खाली ये म्हणावं तिला. मी म्हणलं होतं, बाईचं काम न्हाई."

"मालक, गप ऱ्हावा." अण्णा. मालकाला कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग ते मोठ्यानं, पण सावकाश बोलले. "बाई, ऐक. आता खाली आलीस तर म्हणतील बाईला जमलं न्हाई. तशीच बसून राहिलीस तर पाय मरतो अन् माणूस पडतो. दोन्हींत माझ्या तोंडाला काळं. हितं माझा काही उपाय चालत न्हाई, तुझाच चालतो. तू सांग. कुठं टोचतं?"

मी खाली बघितलं. आत्या तोंड वर करून उभ्या. रेक्टर मॅडम. खिडक्या-खिडक्यांत पोरी. भिंतीशी नवऱ्याची पाठ.  मनात म्हणलं, जाऊ दे तिच्यायला, आणि जेवढा होता तेवढा आवाज लावला.

"नाडीची गाठ टोचते अण्णा! बक्कलाखाली आलीय! अन् मागच्या पट्ट्या लांब हायत, मांडीचे पट्टे पार गुडघ्यावर आलेत! डावा पाय बधिर झालाय!"

 मग खिडक्यांतून पोरींचं हसू फुटलं. नवऱ्यानं भिंतीला कपाळ टेकलं.

अण्णा हसले नाहीत. "शाब्बास माय माझी!" असे ओरडले की गेटवरचा वॉचमन दचकला. "आता मी सांगतो तसं कर. पाय कशावर टेकंल?"

"खालच्या मजल्याच्या खिडकीचा छज्जा हाय."

"आधी कमरेचा आखूड दोर जवळच्या जाड फांदीला बांध. बांधला? ओढून बघ. आता पाय छज्ज्यावर. भार पायावर घे, पट्ट्यावर नको. एका हातानं फांदी धर, सोडू नको. मागच्या पट्ट्या तुझ्या हाताला लागायच्या न्हाईत. खिडकीत कुणी बाईमाणूस हाय का बघ, पण पोरगी नको. ताकदीचं पाहिजे."

मी आत्यांकडं बघितलं, तर झाडाखाली आत्या नव्हत्या.  गेल्या, मी म्हणलं. भरल्या आवारात सुनेनं नाडीचं नाव काढलं, आता त्या एसटी धरून नांदेड गाठणार आणि माझं सगळं संपलं. छज्ज्यावर उभी राहून मला रडू यायला लागलं. एवढं मोठ्यानं सांगितलं ते चुकलंच, असं वाटलं.

तेवढ्यात खिडकीच्या आत गडबड झाली. "सरका गं पोरींनो, सरका, वाट द्या." धापा टाकत आत्या. दोन मजले जिना चढून आल्या होत्या, गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई. त्यांनी खिडकीच्या गजांतून दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर काढले आणि माझी कंबर धरली.

"आत्या..."

"गप. हिकडं वळ. एवढी वर्षं झाली लग्नाला, अजून नाडीची गाठ कुठं घालावी कळंना?" बोटांनी चाचपून त्यांनी गाठ बक्कलाखालून काढून बाजूला, कुशीकडं सरकवली. माझा श्वास मोकळा झाला. मग गज वाजवून खाली ओरडल्या, "ओ अण्णा! झाली गाठ. पुढं बोला."

अण्णा भिंतीकडं तोंड करूनच. "मागं कमरेखाली दोन बारीक पट्ट्या हायत. सापडल्या का?"

"सापडल्या."

"दोन्ही सारख्या वर ओढा. मेल्लगा, मेल्लगा."

"मेल्लगा म्हंजे काय हो?"

"हळू. हळू."

"मंग हळू म्हणा की मराठीत!"

पोरी पोट धरून हसत होत्या, पण एकीनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. आत्यांनी पट्ट्या ओढल्या. मांडीचे पट्टे वर सरकत आपल्या जागी आले. पायात रक्त उतरायला लागलं, आधी सुया टोचल्यासारखं आणि मग कोमट.

"आता मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं घाला," अण्णा म्हणाले. "जातात का?"

आत्यांची बोटं केळीच्या चिकानं कायमची काळी झालेली, खरखरीत. लग्नानंतर त्यांनी मला असा कधी हात लावला नव्हता. "जातात."

"फिरतात का?"

"न्हाई फिरत."

"बास!"

आत्यांनी हात लगेच आत घेतले नाहीत. माझ्या शर्टाची सुरकुती पट्ट्याखालून ओढून सरळ केली. आणि पोरींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "टोचत होतं तर मला तरी सांगायचं गं. मी काय परकी हाय?"

 मी नुसती मान हलवली.

"आता बस बघू," भिंतीकडून अण्णा.

मी छज्ज्यावरचे पाय उचलले आणि पट्ट्यात बसले. कुणीतरी कडेवर घेतल्यासारखं त्या पट्ट्यानं मला उचलून धरलं. कुठं टोचत नव्हतं असं नाही, उजव्या कुशीला थोडं होतं, आणि ते मी न विचारता ओरडून सांगितलं. अण्णांनी एक बक्कल एक बोट सरकवायला लावलं. मग त्यांच्या पाठीकडं बघून मला वाटलं, ते भिंतीला टेकून हसतायत. किंवा डोळे पुसत असतील. पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही.

मालकाचं मात्र भिंतीकडं बघून बघून डोकं तापलं होतं. "झाला का तमाशा?" तो म्हणाला. "उतरवा तिला आता. येतीय का न्हाई खाली?"

मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी गज धरले आणि केळीच्या बागेत एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा आवाज लावला.

"न्हाई येणार! वरची मोठी फांदी राहिलीय तिची अजून!"